तुर्की वैमानिक आणि सोड्यांची पुडी

सरांनी पुडी हातात घेतलीच नाही. पट्टीने ढकलत टेबलाच्या कडेला नेली आणि म्हणाले, "हे काय आणलंय? बाहेर ठेव आधी."

सोडे होते. आईने कोलंबी एकेक सोलून उन्हात वाळवलेले. आमच्या पनवेलच्या कोळीवाड्यात डॉक्टरने बरं केलं, मास्तरने पोराला मार्गाला लावलं, की सोडे देतात. त्याहून मोठा मान आमच्याकडे नाही. सर मासळीला शिवत नाहीत हे मला माहीत होतं. पण आईच्या उत्साहापुढे जीभ रेटली नाही.

मागच्या बाकावरच्या कुणीतरी खिडकी उघडली. मी म्हणाले, "आमचं नाही सर, शेजारणीने दिलंय." आणि पुडी जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आले.

खांदा कॉलनीतला क्लास. सर तिथे हवाई दलाच्या मुलाखतीची तयारी करून घ्यायचे. त्या दिवशी तीन मिनिटांचं भाषण होतं माझं. विषय मीच निवडलेला: तुर्कस्तानातली लढाऊ विमान चालवणारी पहिली बाई. आईबाप गेलेली पोर. बारा वर्षांची असताना राष्ट्राध्यक्षांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, मला शिकायचंय. त्यांनी तिला मुलगी मानलं, शिकवलं, पुढे विमानाच्या शाळेत घातलं. आपल्याकडे इंग्रज होते तेव्हा ती लढाऊ विमान उडवत होती. बोलले छान.

सर म्हणाले, "तिच्यामागे राष्ट्राध्यक्ष होते. तुझ्यामागे कोण आहे? टोपली?"

फॉर्मवर मी आईच्या मासळीच्या टोपलीला 'फिशरीज बिझनेस' लिहिलं होतं. सर ओळखून होते. वर्ग हसला. मीही हसले. सगळ्यांत मोठ्याने. त्या हसण्याची लाज आजही जात नाही.

घरी आईने विचारलं, "दिलंस गो सरांना? काय बोलले?"

"खूश झाले."

"मंग आजून देऊ. तुजा नंबर लागू दे." आणि ती लगेच कोलंबी सोलायला बसली.

दोन दिवसांनी सायबर कॅफेत त्या बाईबद्दल पुढचं वाचलं. भाषणात घालायला आणखी काही मिळेल म्हणून. मिळालं ते वेगळंच. तिने बॉम्ब टाकले ते परक्या शत्रूवर नव्हे. तिच्याच देशातल्या डोंगरी लोकांवर, सरकारला जुमानत नाहीत म्हणून. त्या मोहिमेत गावंच्या गावं गेली. तिला पदक मिळालं.

तिचा राग यावा तर मला तोंड कुठे होतं? मी अजून विमानाची शिडीही चढले नव्हते, आणि सरांनी बरं म्हणावं म्हणून माझ्या आईला शेजारीण करून टाकलं होतं.

आईला सांगितलं. "सोडे सरांनी घेतलेच नाहीत. मी कचऱ्यात टाकले."

तिचे हात थांबले. "माज्या हातचं हाय ते समजंल म्हनून?"

मला हो म्हणावं लागलं. ती पुन्हा सोलायला लागली, माझ्याकडे न बघता. त्यानंतर तिने क्लासबद्दल काही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात सरावाची मुलाखत. सरांनी आधीच बजावलं, "घरचं विचारलं तर बिझनेस म्हणायचं. बोर्डापुढे मासळीबाजार नको." मग समोर बसून त्यांनी विचारलं, "आई काय करते?"

"पनवेलच्या बाजारात मासळी विकते. तुम्हाला सोडे तिनेच दिले होते. मी खोटं बोलले."

"उत्तर बदल."

"नाय बदलणार."

"मग निवड विसर."

खऱ्या बोर्डापुढेही मी तेच उत्तर दिलं. निवड झाली नाही. कशामुळे, कुणी सांगत नाही. मी पुन्हा अर्ज भरलाय. मला वर जायचंच आहे, पण कुणाची मानलेली मुलगी होऊन जायचं नाही. आणि वर पोचल्यावर कुणी खाली आमच्यासारख्यांची घरं दाखवून बटण दाब म्हणालं, तर मी विमान परत फिरवणार.