दोन्हीकडचे घोडेस्वार

"हूण नाहीत ते, विश्वजितदादा! किती वेळा सांगू?"

"अगं, हूण म्हण, मंगोल म्हण. शत्रू तो शत्रू. पोरांना दाढ्या लाव आणि मोकळी हो."

"या दाढ्या कुठल्या आहेत ते तरी बघा! शिवजयंतीच्या नाटकातल्या आहेत."

"मग? धुऊन ठेवल्यात आमच्या सुरुचीनं."

योकोहामाच्या त्या कम्युनिटी सेंटरमध्ये मराठी मंडळाच्या बालनाट्याची तालीम अशी दाढ्यांवर अडली होती. प्रयोग रविवारी. म्हाताऱ्या बापाच्या जागी, पुरुषाचा वेश करून लढाईवर गेलेल्या चिनी मुलीची गोष्ट. उल्कानंच लिहिलेली, तीच बसवत होती. विश्वजितदादा मंडळाचे अध्यक्ष. वेशभूषेची ट्रंक त्यांच्याच घरी असते, म्हणून कोणी काय घालायचं हेही तेच ठरवतात.

उल्काला मुळात एका जागी बसवत नाही. नवऱ्याच्या, धीरजच्या नोकरीपायी जपानला आली, तेव्हा पुण्यातली नाटकाच्या ग्रुपमधली मंडळी म्हणाली होती, ही तिथे भिंतींशी बोलेल. भिंतींशी नाही, पण स्टेशनजवळच्या बेन्तोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या दुकानात 'बाइतो', तासांवरची नोकरी, करताना डब्यांत भात भरता भरता ती संवाद म्हणायची. पहिल्या वर्षी, दुसऱ्या वर्षी, नुसते संवाद. स्टेज कुठेच नाही. हे नाटक हाती आलं तेव्हा तिची झोप उडाली. आनंदानं उडाली.

दुकानात तिच्याशेजारी सारनाई भाज्या चिरते. मंगोलियाची. तिनं शत्रू झालेल्या पोरांसाठी जाड लोकरीच्या टोप्या शिवून दिल्या, आपल्या आजीकडे होत्या तशाच. टोप्या हातात देताना मोडक्या जपानीत विचारलं होतं, "तुझ्या नाटकात माझे लोक कोण? वाईटवाले?"

"दोन्हीकडचे," उल्का म्हणाली होती.

सारनाई इतकी हसली की सुरी खाली ठेवावी लागली. रविवारी पहिल्या रांगेत बसणार होती.

"दादा, ऐका," उल्का आता खोलीभर फेऱ्या घालत होती, पायातल्या सपाता फटफट वाजत होत्या. "ती मुलगी ज्या राजासाठी लढते ना, तोच मुळात तोबा टोळीतला. मंगोलियाकडचे, घोड्यांवर फिरणारे लोक. शत्रू रौरान, तेही तसलेच. चीनच्या सीमेवरचे हूण त्याच्या कितीतरी आधीचे. नंतर गोष्ट सांगणाऱ्यांनी हवे ते राक्षस घुसवले, शिंगं लावली. तिच्यावरच्या जुन्या गाण्यात तर तिचा राजा चक्क खान आहे!"

"खान?" विश्वजितदादांनी चष्मा काढला. "आपल्या स्टेजवर? चांगला राजा, आणि खान? समोर पालक बसणारेत, उल्का. इतिहासाची परिषद नाही."

"म्हणूनच तर..."

"त्याला 'महाराज' कर. इकडे दाढ्या, तिकडे फेटे. पोरांना कळायला नको, टाळी कुठे वाजवायची?"

ओवी, उल्काची नऊ वर्षांची लेक, शत्रूची सरदार होती. तिनं दाढी हनुवटीला लावून पाहिली, शिंकली, आणि काढून विचारलं, "आई, कोरे, मोएरु गोमी?" ही जाळायच्या कचऱ्यात टाकायची का, असं जपानीत. पोरं खिदळली. दादाही हसले असते, पण हसले नाहीत.

"हे बघ, भांडायचं नाहीये मला. छान लिहिलंयस. नेहमी दिसतं तसं दिसू दे फक्त. नाहीतर नीलिमाचा नाच तयार आहे त्या वेळेला. पाच वाजता हॉलची किल्ली परत द्यायचीय, काय ते आत्ता सांग."

उल्का थांबली. पहिल्यांदाच. पोरं तिच्याकडे बघत होती. संवाद सगळ्यांना पाठ, घोडे चालवायची चाल पाठ. एक 'हो' म्हटलं की रविवारी पडदा उघडणार. इतक्या वर्षांनी. आणि पहिल्या रांगेत सारनाई, समोर तिच्या आजीची टोपी आणि तिच्याखाली ती दाढी.

"नुसत्या दाढ्या गं," दादा समजुतीनं म्हणाले. "कोण बघतंय एवढं?"

उल्का खाली बसली. एकेक टोपी झटकून पिशवीत भरू लागली. ओवीनं डोक्यावरची काढून दिली.

"उल्का? मग नीलिमाला फोन करू का मी? उल्का, तुला विचारतोय!"

दाराशी सपाता रॅकमध्ये गेल्या. बुटाची नाडी बांधायलाही ती थांबली नाही. टोप्यांची पिशवी खांद्याला लावली, ओवीचा हात धरला आणि जिना उतरू लागली.