यादीत नसलेला पट्टा

वीजदराच्या भांडणात कारखानदारांनी माग बंद ठेवले, त्याच्या तिसऱ्या दिवशी मी माळा उपसायला काढला. मी एका कारखान्यात मेहता होतो. विणून आलेला कापडाचा ताका मोजायचा, मीटर लिहायचे, खोट दिसली तर बाजूला काढायचा, हे माझं काम. माग बंद म्हणजे ताका नाही आणि ताका नाही म्हणजे मी घरात. पहिल्या दिवशी मी सगळ्या नळांचे वायसर बदलले. दुसऱ्या दिवशी खिडक्यांच्या अठ्ठावीस गजांना रंग दिला. तिसऱ्या दिवशी हाताला काही उरलं नाही, तेव्हा शिडी लावली.

माळ्याला निमित्तही होतं. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आठवा महिना संपत आला होता. ती कल्याणला एका दवाखान्यात नर्स होती आणि नोकरी सोडणार नव्हती. तेव्हा बाळ तीन महिन्यांचं झालं की आमच्याकडे टेमघरला राहील, ती सुट्टीला येत जाईल, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तिला विचारलं नव्हतं. घरात आम्ही तिघंच. मी, बायको आणि पुढच्या खोलीत खाटेवर माझा बाप, वय एकोणऐंशी. ज्या सागवानी पाळण्यात मी झोपलो आणि नंतर मुलगी झोपली, तो माळ्यावर सगळ्यात मागे होता. तो खाली काढायचा तर आधी बाकीचं सगळं काढावं लागणार होतं.

माग बंद असले की आमच्या गल्लीत काही सुचत नाही. एरवी दोन्ही बाजूंना कारखाने, भिंतीवरची भांडीसुद्धा थरथरत असतात आणि माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात. ते सगळं थांबलं की चार घरांपलीकडचा खोकलाही ऐकू येतो. बा खाटेवरून म्हणाला, "मेल्यावानी वाटतंय रं. कायतरी आदळ तरी."

मी आदळायला घेतलं. जुनी लोखंडी कॉट होती, तिचे पाय घणाने तोडले. देवळीचं मोडकं दार कुऱ्हाडीने फोडलं. एक एक वस्तू खाली टाकायची, वहीत लिहायची, पुढे 'ठेवणे' किंवा 'भंगार' अशी खूण करायची. जेवणाच्या वेळेपर्यंत एकशे बारा झाल्या. मग गोधड्यांचं एक पोतं मागच्या अंगणात फेकलं, आणि ते जमिनीवर पडून हलायला लागलं.

आत घुशीने घर केलं होतं. माळ्यावरून मागाचा एक जुना दांडा निघाला होता, धोटा फेकणारा, बाभळीच्या लाकडाचा. तो घेऊन मी खाली उतरलो आणि पोतं उलटं केलं. मोठी घूस भिंतीकडे पळाली, तिला पहिला बसला. मग पिलं. ती डोळे न उघडलेली, हाताच्या बोटाएवढी. पळत नव्हती, नुसती वळवळत होती. मला सगळं मोजायची सवय आहे, ताका मोजताना तोंडाने आकडा म्हणतो तसा. एक. दोन. तीन. फरशीवर दांडा बसत होता आणि शांततेत त्याचा आवाज समोरच्या भिंतीवर जाऊन परत येत होता. बा सरकत सरकत मागच्या दारापर्यंत आला होता. त्याचे डोळे चमकत होते.

"मोज रं, मोज! एक बी सोडू नको!"

"पाच," मी म्हणालो. "सहा."

मोरीपाशी मुलगी उभी होती. एका हाताने भिंत धरलेली. ती म्हणाली, "बाबा, मोजू नका."

"आत जा तू. अशा वेळी बघू नये."

"मारायचे तर मारा. पण मोजू नका."

सातवं पिलू उरलं होतं. ते मी न बोलता मारलं. ती मोरीत ओकत होती. बायको तिची पाठ चोळत होती आणि माझ्याकडे अशी बघत होती, जसं काही ओकायला मीच लावलं. दिवस गेलेल्या बाईला किळस येणारच, असं मी धरून चाललो. फरशीवर दोन बादल्या पाणी मारलं आणि वहीत लिहिलं, 'गोधड्या ४, भंगार.'

इथे बापाबद्दल सांगायला हवं. बा मूळचा खाडीकाठचा शेतकरी. जमिनीचा तुकडा देऊन त्याने चार माग घेतले आणि घराला लागून पत्र्याच्या शेडमध्ये बसवले. तेव्हा मोटरीवरून मागाला चामड्याचा पट्टा असायचा, तीन बोटं रुंद, जोडाच्या जागी लोखंडी दात. असा एक तुटका पट्टा, साधारण दीड हात, बाच्या खिळ्याला कायम टांगलेला असे. ताण्याचा धागा तुटलेला दिसला नाही, धोट्यातली सुताची कांडी भरायला उशीर झाला, जेवताना हसलो, कशालाही तो पट्टा उतरायचा.

बा मोजून मारायचा. आधी आकडा सांगायचा. "सात." मग प्रत्येक फटक्याला मोठ्याने एकेक अंक. मध्ये तोंडातून आवाज निघाला की पुन्हा एकपासून. माझ्या थोरल्या भावाला एकदा साताचे एकवीस झाले, कारण तो दोनदा सातव्याला ओरडला. त्याचा डावा कान त्या दिवसापासून गेला. शेड चालू असल्यामुळे बाहेर कोणालाच काही ऐकू जायचं नाही, आणि गल्लीत तेव्हा आमचं एकच घर असं होतं असंही नाही. दात असलेलं टोक बा स्वतःच्या मुठीत धरायचा, म्हणजे आमची कातडी फाटू नये. त्याचीच मूठ रक्ताळायची. ही त्याची माया होती, असं तो अजूनही सांगतो. शाळेत जाण्याआधी मला आकडे येत होते, ते या पट्ट्यावर.

बाचे माग भंगारात गेले तेव्हा पट्टाही गेला, असं मी लग्नाआधी बायकोला सांगितलं होतं आणि पुढे सगळ्यांनाच सांगत आलो. मुलीला मी मारलं नाही असं नाही. चारदा मारलं. चारही वेळा हाताने. एकदा रस्त्यात हात सोडून पळाली म्हणून, एकदा रॉकेलच्या स्टोव्हशी खेळली म्हणून, दोनदा खोटं बोलली म्हणून. मला हे पाठ होतं आणि बापाच्या मानाने चार म्हणजे मी बरा, असा माझा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळण्याच्या अलीकडचं शेवटचं गाठोडं खाली आलं. मी बांधलेलंच होतं ते. विणकरी गाठ, आणि वर पुठ्ठ्याची चिठ्ठी माझ्या अक्षरात: 'इयत्ता सातवी. पुस्तके ९, वह्या १४, गणवेश २, कंपासपेटी १.' मुलगी खुर्चीत बसून जुन्या लुगड्यांची दुपटी फाडत होती. मी तिच्यासमोर गाठोडं सोडलं आणि चिठ्ठीप्रमाणे ताडून बघायला लागलो. पुस्तकं नऊ. वह्या चौदा. कंपासपेटी. गणवेश उचलले, तर खाली पट्टा.

गुंडाळून दोऱ्याने बांधलेला. दात असलेलं टोक आत.

"हा इथे कसा?" मी म्हणालो.

"तुम्हीच ठेवलात," मुलगी म्हणाली. तिने लुगडं फाडणं थांबवलं नाही.

"शक्यच नाही. तू जन्मायच्या आधी भंगारात गेला हा."

"चिठ्ठी कोणाची आहे? गाठ कोणाची?"

मी चिठ्ठी पुन्हा वाचली. सव्वीस वस्तू लिहिल्या होत्या, सत्ताविसावी नव्हती. मी आजवर बांधलेल्या एकाही गाठोड्यात असं झालेलं नाही.

"बाबा, तुम्ही मला किती वेळा मारलंत?"

"चार."

"पाच."

"चार. रस्त्यात, स्टोव्ह, आणि..."

"ते चार बरोबर आहेत. पाचवी रजिस्टरची."

मला खरोखरच काही आठवेना. तेव्हा तिने सांगितलं. सातवीत असताना तिने माझं ताक्यांचं रजिस्टर उघडलं होतं. एका पानावरची मीटरची बेरीज चुकलेली दिसली, दहाने. तिने पेनाने खोडून खाली नीट आकडा लिहिला आणि मला दाखवायला आणला. मालकाच्या वहीत खाडाखोड केली म्हणून मी उठलो. खिळ्यावर नव्हे, बाच्या खाटेखालच्या पेटीत हात घातला. पट्टा तिथे होता.

"किती मारले?" मी विचारलं. तोंडातून आधी तेच आलं.

"मी मोजले नाहीत. तुम्ही मोजत होतात. मोठ्याने. नवाला आई आली, हात पिठाचे होते तिचे, आणि तिने पट्टा धरला." मग ती म्हणाली, "माझी बेरीज बरोबर होती."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिला म्हटलं, "तुला ठाऊक होतं?"

"या घरात मोजायचं काम तुमचं," ती म्हणाली. "मी हळद लावत होते."

पुढच्या खोलीतून बाने ओरडून विचारलं, "काय झालं रं? काय गावलं?"

मी पट्टा हातात घेऊन खाटेपाशी गेलो. म्हटलं, "बा, मी पोरीला ह्याने मारलं होतं."

"मंग?" बा म्हणाला. "किती?"

"नऊ."

"नऊ!" तो हसला. दात नसलेलं तोंड उघडं राहिलं. "नवात काय होतंय? तुझ्या भावाला मी..." आणि त्याने तो एकविसाचा किस्सा पुन्हा सांगायला घेतला, जेवणाच्या पंगतीत माणसं आपण किती लाडू खाल्ले ते सांगतात तसा. सांगता सांगता त्याचा हात पट्ट्याकडे आला. "दे हिकडं. चामडं चांगलं हाय अजून."

मी काय केलं ते जसं झालं तसं लिहितो. मी मागच्या अंगणात गेलो, पट्टा कपडे धुवायच्या दगडावर टाकला आणि कोयता घातला. जुनं चामडं, तेल पिऊन घट्ट झालेलं. कोयता उसळला. पुन्हा घातला. मी शिव्या देत होतो, बाला, मला, त्या पट्ट्याला, आयुष्यात घरात न दिलेल्या शिव्या. कालच्या घुशीपेक्षा जास्त जोराने मी तो मारत होतो. चौथ्या की पाचव्या घावाला कोयता दगडावरून घसरला आणि माझ्या नडगीत शिरला. रक्त चपलेत उतरलं. बा दारातून किंचाळत होता, "अरं चांगला माल हाय! मोटरीला लागंल!" मोटर विकून तीस वर्षं झाली होती.

मुलगी बाहेर आली. पोट सांभाळत दगडापाशी बसली, माझ्या हातातला कोयता काढून लांब ठेवला आणि दुपट्याची चिंधी नडगीला आवळून बांधली. तिचे हात दवाखान्यातले होते.

"पट्ट्याला मारून काय होणार, बाबा?"

मी चप्पल काढून रक्त निथळायला उपडी ठेवली.

"बाळ मी इथे ठेवणार नाही. हे सांगायचंच होतं. आईला माहीत आहे."

"मी बाळाला मारीन असं वाटतं तुला?"

तिने चिंधीची गाठ मारली. "तसं नाही वाटत. पण तुम्हाला पाचवी वेळ आठवत नाही."

 गल्लीत इतकी शांतता होती की शेजारणीने ऐकलं असणार. माग चालू असते तर मी नुसता ओरडलो असतो आणि तिचं बोलणं त्यात बुडालं असतं.

नडगीला सहा टाके पडले. पट्टा पूर्ण तुटला नाहीच. मी तो पुरला नाही, जाळला नाही. भंगारवाला आला तेव्हा त्याने उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "ये नहीं चलेगा, चाचा, चमड़ा है." म्हणून पालिकेच्या कचऱ्याच्या गाडीत मी स्वतः नेऊन टाकला. मग वहीत लिहिलं, 'चामडी पट्टा १,' आणि पुढे खूण केली.

माग नवव्या दिवशी सुरू झाले. नातू महिन्याभराने झाला. पाळणा मी धुतला, तेल दिलं, आणि तीन महिन्यांनी टेम्पोत घालून कल्याणला पोचवला. बाळाला सांभाळायला तिने शेजारची एक बाई ठेवली. ती इकडे यायची तेव्हा बाळ तिच्या किंवा तिच्या आईच्या कडेवर असायचं. मी मागायचो नाही, ती द्यायची नाही. त्या वर्षात बा गेला. शेवटच्या आठवड्यात तो खाटेखालच्या पेटीत हात घालून काहीतरी चाचपत असायचा.

नातू दीड वर्षाचा झाल्यावर एका सोमवारी मुलीला अर्ध्या दिवसाच्या ड्युटीवर जाणं भाग होतं आणि सांभाळणारी बाई आजारी. ती सकाळी दहाला आली. म्हणाली, "आईकडे ठेवतेय." 'आईकडे' हा शब्द तिने माझ्याकडे बघून म्हटला. दोनपर्यंत येते म्हणाली.

दुपारी बारा वाजता नातवाने माझा चष्मा ओढून फरशीवर आपटला. काच फुटली. आणि माझा उजवा हात वर गेला. मारायला नव्हे, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. तो मी खाली आणला, मांडीखाली घातला, दुसरा हातही घातला, आणि पायरीवर तसाच बसून राहिलो. बायको काचा वेचत होती. नातू माझ्या गुडघ्याला धरून उभा राहिला आणि हात कुठे गेले ते वाकून बघायला लागला.

दोनला पाच कमी असताना मुलगी आली. तिने फुटका चष्मा पाहिला, मग मला पायरीवर पाहिलं.

"काय झालं?"

"हात वर गेला होता," मी म्हणालो. "एकदा."

तिने बाळाला उचललं, सगळीकडून पाहिलं. दार ओढून घेताना थांबली. म्हणाली, "गुरुवारीही ड्युटी आहे. आईला विचारून ठेवा."