गाडीची फिल्म आणि माझा चहा

व्रताची कहाणी ऐकायला बसताना हातात अक्षता घ्यायच्या असतात. ही कहाणी वाचताना तुम्ही हातात चहाचा कप घेतला तरी चालेल. मला मात्र ती सगळी चहाशिवाय काढावी लागली!

किस्से काही आपण ठरवून गोळा करत नाही. देवघराच्या खणात वाती, सुट्या सुपाऱ्या, कुणाकुणाच्या प्रसादाच्या पुड्या साठत जातात, तसे ते साठतात. एक दिवस खण उघडावा, तर तो परत बंदच होत नाही. परवा संकष्टीला आम्ही गल्लीतल्या चौघीजणी जमलो होतो. अथर्वशीर्ष झालं, आरती झाली, आणि शेजारच्या शोभाताई म्हणाल्या, "ते बोनेटचं सांगा की पुन्हा!" म्हटलं, आता लिहूनच काढते.

*

आमचे हे जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत होते. तीस वर्षं बियाणं तपासलं. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, चौथ्या दिवशी आणि आठव्या दिवशी किती उगवले ते मोजायचे, वहीत लिहायचे. रिटायर झाले आणि आयुष्यात पहिल्यांदा कोरी गाडी घेतली. पांढरीशुभ्र!

मी आधीच नवस बोलून ठेवला होता. "गणराया, गाडी सुखरूप दारात येऊ दे. पहिली लांबची फेरी राजूरला, तुझ्याच दर्शनाला. तोवर मी चहा घेणार नाही."

बोलताना माझा अंदाज साधा होता. गाडी बुधवारी येणार, राजूर तासाभराच्या अंतरावर, शुक्रवारी जाऊन येऊ. दोन दिवसांचा तर प्रश्न!

बुधवारी गाडी आली आणि त्याच संध्याकाळी पुण्याहून आमच्या वैष्णवीचा फोन. "बाबा, गाडीला पीपीएफ करून घ्या हं. पारदर्शक फिल्म असते, रंगावर चिकटवतात. खडे उडाले, ओरखडे आले तरी रंगाला काही होत नाही."

ह्यांना एकदम पटलं. "म्हंजे वहीला कव्हर!"

मी म्हटलं, "आधी राजूर करून येऊ, मग घाला कव्हर."

"रस्त्याला खडी पडलीय, दिसत न्हाई का? कोरी गाडी तशीच न्यायची? आधी फिल्म, मंग गणपती."

गणपती काय, तो थांबतो हो. दुपारचे चार वाजले की मला थांबवत नव्हतं!

*

गाडी फिल्म बसवायला निघाली, तेव्हा मी तिला ओवाळलं. नव्या वस्तूला असं रिकामं कसं पाठवायचं? तुपात कुंकू कालवलं आणि बोनेटच्या मधोमध छान हातभर स्वस्तिक काढलं. वर अक्षता टाकल्या. हे गाडी घेऊन स्टेशनरोडला रफिकभाईंच्या दुकानात गेले. रफिकभाई म्हणजे जालन्यातला जुना माणूस. आधी सीटकव्हर शिवायचे, आता फिल्म बसवतात.

तीन दिवसांनी गाडी आली. आरशासारखी! आणि बोनेटवर माझं स्वस्तिक जसंच्या तसं. मला इतकं बरं वाटलं, म्हटलं, बघा, कुंकू किती टवटवीत राहिलं! ओलं फडकं घेऊन पुसायला गेले, तर पुसेना. घासलं, तरी पुसेना. बोट फिरवून बघितलं, तर स्वस्तिक काही बोटाला लागेना. बाजूला दोन बारीक टेंगळं मात्र लागली. त्या माझ्या अक्षता!

कुंकू खाली होतं आणि फिल्म वर होती.

ह्यांनी तिथूनच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "रफिकभाई, तुम्ही कुंकवावरच फिल्म चिकटवली?"

"हौ साब."

"पुसायचं न्हाई का आधी?"

"क्या बोलते साब! भाभी ने पूजा की हुई चीज. मैं कैसे पोंछता? मेरे हाथ से तो नै होता. बराबर बाजू बाजू से पानी मारा, एक दाना हिलने नै दिया!"

पलीकडून रफिकभाईंनीच धीर दिला. "आप बिलकुल टेंशन नक्को लो साब. पाँच साल की गॅरंटी है. कुछ नै होता उसको!"

*

तुपावर डिंक काही धरेना. स्वस्तिकाच्या भोवती फिल्मखाली बुडबुडे दिसायला लागले. रफिकभाई म्हणाले, आठ दिवसांत आपोआप बसतात.

आठ दिवस म्हटल्यावर ह्यांच्यातला बियाणेवाला जागा झाला. कंपनीतलं भिंग काढलं, एक कोरी वही काढली. रोज सकाळी अंघोळ करून गाडीपुढे उभे! मला वाटायचं, सूर्याला अर्घ्य देतात की काय. हे बुडबुडे मोजायचे.

"चौथ्या दिवसाची मोजणी, त्रेचाळीस," असं मोठ्यानं म्हणून लिहायचे. "आठव्या दिवसाची मोजणी, एकसष्ट!"

आठव्या दिवशी रफिकभाईंचा फोन आला. "क्या साब, बैठे क्या बबल?"

हे म्हणाले, "बसून न्हाई राह्यले. उगवून राह्यले!"

*

अकराव्या दिवशी हसनाबादहून ह्यांच्या मावशी आल्या. वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू, पण देवाचं काही असलं की लांबून दिसतं. आम्ही दोघं आत पाटपाणी करत होतो. मावशी बाहेर गाडीशी. त्यांनी स्वस्तिकावर बोट फिरवलं, पदरानं पुसून पाहिलं, पाणी लावून पाहिलं. जात नाही म्हटल्यावर त्यांनी हातच जोडले. "पोरी, हे आपोआप उमटलंय गं! पुसून जाईना!"

मी बाहेर येईपर्यंत बोनेटवर दोन जास्वंदीची फुलं, चिमूटभर हळद आणि केळ्यात खोचलेली पेटती उदबत्ती होती. शोभाताई पण कुंपणापाशी पायातल्या चपला काढून उभ्या होत्या!

आतून हे धावत आले. "मावशी, काय करून राह्यल्या? ते प्लॅस्टिक हाय!"

"असू दे की दिनकर. देवाला काय प्लॅस्टिकचं वावडं हाय का?"

तेवढ्यात केळं कलंडलं, आणि उदबत्तीचा निखारा फिल्मवर पडला. बारीक भोक. काठ काळे. हे खाली वाकून भिंगातून भोकाकडे बघत बसले. मावशींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला हळूच म्हणाल्या, "बघ, किती भक्तीनं बघतोय. लहानपणी देवळात पाय ठेवायचा न्हाई!"

*

भोक पाहायला रफिकभाई स्वतः घरी आले. त्यांनी भोक पाहिलं, बुडबुडे पाहिले, ह्यांची वही पाहिली, आणि मान खाली घातली. म्हणाले, "साब, गलती मेरी च है. पूरा नया बिठाता मैं. लेकिन रोल संभाजीनगर से आता, पंधरा बीस दिन तो लगते."

पंधरा-वीस दिवस! माझा चहा सुटून तेव्हाच दोन आठवडे होऊन गेले होते. डोकं ठणकायचं. मनात म्हणायचे, बाप्पा, तुझी परीक्षा मी आनंदानं देते, पण पेपर जरा लांबलाय. नवस मोडायचा प्रश्नच नव्हता. ह्यांनी एकदा सुचवून पाहिलं, "बसनं जाऊन ये की राजूरला." पण मी गाडीची फेरी बोलले होते. एसटीचं नाव कुठे घेतलं होतं?

रफिकभाईंसाठी चहा केला. आल्याचा वास घरभर. त्यांनी विचारलं, "भाभी, आप का कप?" मी नवसाचं सांगितलं. हातातला कप त्यांनी तसाच खाली ठेवला.

"मतलब गाडी मेरी वजह से अटकी, और रोज़ा आप का चालू है? मंग मैं कैसे पीऊँ? आज से मेरी भी चाय बंद. गाडी राजूर जाएतक!"

"अहो भाई, तुम्ही कशाला?"

"नै बोला तो नै!"

दोन्ही कप ह्यांच्यासमोर राहिले. दोन उपाशी माणसांच्या मधे बसून ह्यांनी ते प्यायले.

तिसऱ्या दिवशी सकाळीच रफिकभाईंचा फोन आला. आवाज खोल गेलेला. "भाभी, आप इतने दिन से कैसे जी रए? मेरा तो सर फट रा. रोल की राह नै देखता मैं. मोटरसाइकल निकाला, खुद च लेने जा रा!"

*

दुसऱ्यांदा फिल्म बसवताना ह्यांनी दुकानातच ठाण मांडलं. मीही सोबत गेले, स्वस्तिक निघताना बघायला. रफिकभाईंनी गरम हवा मारत जुनी फिल्म सोलली, तर कुंकू पूर्ण फिल्मबरोबर उचलून आलं. अख्खं स्वस्तिक, दोन अक्षतांसकट! खाली रंग दुधासारखा. आता ती फिल्म कचऱ्यात टाकायची हिंमत रफिकभाईंना होईना आणि मलाही होईना. पाण्यात सोडावी तर प्लॅस्टिक. शेवटी मी ती घरी आणून फ्रिजला चिकटवली. फ्रिज तेव्हापासून एकदाही बिघडलेला नाही, एवढं सांगते.

इकडे ह्यांचं भिंग चालूच. "इथं धूळ आहे. इथं पाणी राह्यलं. जरा सरका." रफिकभाई एकीकडून फिल्म दाबायचे आणि हे दुसरीकडून मिशीला पीळ देत वाकून तपासायचे. तासन्‌तास! संध्याकाळी काम संपलं. एकही बुडबुडा नाही, एकही डाग नाही.

घरी आल्यावर ह्यांनी भिंगानं शेवटची तपासणी केली आणि हे किंचाळले. ड्रायव्हरच्या दारावर, फिल्मच्या आत, एक केस! लगेच फोन. "रफिकभाई, तुमच्या दाढीचा केस गाडीत अडकला!"

"कैसा है साब? लाल है क्या?"

"लाल कशाला असंल? पांढरा हाय."

"मेरी दाढी को तो मेंदी है साब. पूरी लाल." मग रफिकभाई म्हणाले, "टोक को पीळ है क्या देखो?"

ह्यांनी भिंग लावून पाहिलं. मग भिंग खिशात ठेवलं. केस अजून तिथेच आहे. त्यावर आमच्या घरात बोलत नाहीत.

*

आणि मग एकदाचं राजूर! नवस बोलून तीन आठवडे झाले होते. हे गाडी इतकी सावकाश चालवत होते की एका बैलगाडीनं आम्हाला वाट दिली आणि आम्ही ती घेतली नाही. दर्शन झालं. डोळे भरून आले. बाहेर आल्यावर गुरुजी ताम्हन घेऊन गाडीपाशी आले. कुंकवात बोट बुडवलं आणि बोनेटवर वाकले.

"थांबा!" हे ओरडले. "बोनेटवर नको."

गुरुजी दचकले. "मग कशावर काढू? टायरवर?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मी फक्त तीन आठवडे चहा न प्यायलेलं तोंड केलं असेल. ह्यांनी मान फिरवली. "काढा."

गुरुजींनी हात सैल सोडून काढलं. चांगलं ताटाएवढं!

येताना पुढे खडीचा ट्रक होता. हे शंभर फूट मागे राहिले, तरीही एक खडा उडाला आणि बोनेटवर टक्कन आपटला. माझ्या काळजातच आपटला म्हणा ना! हे गाडी बाजूला घेऊन उतरले. स्वस्तिकाच्या अगदी शेजारी, बोटभर अंतरावर, फिल्मला बारीक खळगा. खालचा रंग धडधाकट. हे भिंगातून एकदा खळग्याकडे बघत, एकदा स्वस्तिकाकडे. पुष्कळ वेळ. मग गाडीत बसले.

घरी आल्याबरोबर मी चहा टाकला. आलं, गवती चहा, म्हशीचं दूध. पहिला कप देवापुढे ठेवला. दुसरा माझा! तो ओठांशी नेणार, इतक्यात वाटलं, आधी बोनेट पुसून यावं, नाहीतर पुन्हा ह्यांच्या जिवाला घोर. कप हातात, ओलं फडकं खांद्यावर, अशी मी दारात आले. हे गाडीपाशी उभे. माझ्या हातातलं फडकं बघून म्हणाले, "राहू दे ते."

आणि फोन कानाला लावला.

"हां, रफिकभाई! झालं राजूर. झालं, झालं, तुम्ही पण घ्या आता चहा. ...न्हाई न्हाई, फिल्म एक नंबर आहे. काहीच तक्रार न्हाई. एक विचारायचं होतं..."

आवाज खाली आला.

"ह्याच्यावर अजून एक बसते का?"