पांढऱ्या अक्षरांतला बटाटा

आता हे तुम्हाला सांगावं की नाही, याचा विचार मी चहा येईपर्यंत करत होते. चहा आलाय, तर सांगूनच टाकते. मी एक बायोडेटा केला होता, आणि तो इतका बिघडला की मला नोकरी लागली.

हसू नका, आधी ऐका.

मी डिझायनर. खाऊची पाकिटं, डबे, लेबलं, हेच करत आले. गेल्या वर्षी आमचा अंधेरीचा स्टुडिओ बंद पडला. नोकरी गेली, तिच्याबरोबर ऑफिसचा लॅपटॉप गेला आणि लॅपटॉपबरोबर डिझाइनची सगळी सॉफ्टवेअरं. मुलुंडला घरी उरला बाबांचा जुना कॉम्प्युटर. बाबा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्या कॉम्प्युटरवर टायपिंगचा एक साधा प्रोग्राम आहे आणि ‘उद्या टाकी साफ होणार’ याच्यापलीकडे त्यात कधी काही लिहिलं गेलं नव्हतं.

काही महिने झाले तसं आईने ‘कुठून फोन आला का’ हे विचारणं बंद केलं. विचारण्यापेक्षा ते जास्त लागतं ना.

अशात विक्रोळीच्या एका कंपनीची जाहिरात दिसली. पॅकेजिंग डिझायनर हवा. मात्र अट अशी की बायोडेटा टायपिंगच्या साध्या फाइलमध्येच पाठवायचा, डिझाइन केलेला चालणार नाही. म्हणजे स्वयंपाक्याला बोलवायचं आणि सांगायचं, येताना डबा बाहेरून आणा.

बसले मग बाबांच्या कॉम्प्युटरवर. मला हवं होतं एवढंच, की डावीकडे कामाचं नाव यावं आणि उजवीकडे साल, सगळी सालं एकाखाली एक. आयुष्यभर मी प्रत्येक गोष्ट माउसने उचलून हवी तिथे ठेवत आले. इथे साल ओढायला गेले तर ते नुसतं निळं झालं, जागचं हललं नाही.

मग स्पेसचं बटण दाबत सुटले. पहिलं साल जागेवर आलं, दुसरं केसभर डावीकडे. एक स्पेस वाढवली की केसभर उजवीकडे.

बाबा शेजारी येऊन बसले. “सरळ तर दिसतंय.”

“तिरकं आहे बाबा.”

“कुठे गं?”

“हे काय, इथे.”

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावून बघितलं. “तू अर्ज करत्येस की भिंत बांधत्येस?”

तेवढ्यात मला वाटलं, रिकाम्या जागेऐवजी एखादा शब्दच भरला आणि त्याला पांढरा रंग दिला तर? कागद पांढरा, अक्षर पांढरं, कोणाला दिसणार? कुठला शब्द घ्यावा असा विचार करतेय, तर आईने स्वयंपाकघरातून विचारलं, “अनघा, बटाटे आणलेस का?”

सगळा बायोडेटा इंग्रजीत, म्हणून बटाटाही इंग्रजी अक्षरांत टाइप केला. झकास बसला. थोडं अंतर कमी हवं असेल तर बटाट्याचा साइज किंचित बारीक करायचा, की साल बरोबर रेषेत. मला तर नादच लागला. लांब ओळीत एखादा बटाटा पुरायचा, तोकड्या ओळीत भरपूर लागायचे. नाव मधोमध आणायला डावीकडे दोन. फाइल कंपनीच्या साइटवर टाकली आणि लगेच मुलाखतीचं बोलावणं आलं.

मुलाखतीला दोघं होते. एचआरची मानसी नावाची मुलगी आणि डिझाइनचे मुख्य, परुळेकर साहेब. साहेबांचा पहिलाच प्रश्न, “तुम्ही साल ठेवता की काढता?”

मला वाटलं, बायोडेटातल्या सालांबद्दल विचारतायत. म्हटलं, “मी ठेवते सर. काढलं की समोरच्याला वाटतं, काहीतरी लपवतायत.”

साहेबांनी मानसीकडे पाहिलं आणि हे लिहून घेतलं. “आणि जुनं असलं तर?”

“जुनं असलं तर उलट चांगलं. अनुभव दिसतो.”

“इंटरेस्टिंग,” साहेब म्हणाले. “बटाट्याकडे कशा वळलात?”

हल्ली मुलाखतीत असले विचित्र प्रश्न टाकतात, माणूस गडबडतो का बघायला, हे मी ऐकून होते. मी कसली गडबडतेय? म्हटलं, “लहानपणापासूनच. आमच्या घरी बटाट्याशिवाय दिवस जात नाही.”

“दिसतंच आहे,” मानसी म्हणाली. “दहावीत तर सगळ्यात जास्त बटाटा आहे तुमचा.”

आता मात्र मला राहवेना. दहावीत बटाटा? हिला कोणी काय सांगितलं असेल? मी विचारलं, “मॅडम, हे तुम्हाला कुठून कळलं?”

तिने समोरचा कागद माझ्याकडे फिरवला. सगळ्यात वर, ठळक काळ्या अक्षरांत: बटाटा बटाटा अनघा तोडणकर. त्याखाली प्रत्येक नोकरीत बटाटा. आणि तळाला: एस. एस. सी. बटाटा बटाटा बटाटा बटाटा बटाटा बटाटा, आणि टोकाला साल.

त्यांच्याकडे अर्ज ढिगाने येतात, म्हणून आधी कॉम्प्युटर वाचतो. तो फक्त अक्षरं उचलतो, रंग बघत नाही. आणि त्यांना मिळालं होतं वेफर्सचं मोठं काम. त्यांनी त्याला सांगून ठेवलं होतं की पोटॅटो, बटाटा असलं काम ज्याने कोणी केलं असेल तो माणूस शोध. त्याने सगळ्यांत वर मला काढून ठेवलं.

खरं काय ते सांगून टाकलं, अगदी आईच्या बटाट्यांसकट. मानसी पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर गेली, ती बराच वेळ आली नाही.

साहेब मात्र कागदाकडे बघत बसले होते. “पण मग टॅब का नाही मारलात?”

“टॅब म्हणजे?”

त्यांनी आपला लॅपटॉप पुढे ओढून ते बटण दाखवलं. एकदा दाबलं, साल उडी मारून जागेवर. मी परत दाबून पाहिलं. साहेब न हसता म्हणाले, “बघा, बघा, अजून दाबा.”

मग त्यांनी माझी नमुन्यांची पिशवी उघडायला सांगितली. मी केलेली पाकिटं, डबे, सगळं टेबलावर मांडलं. हा रंग का, इथे घडी का, असं खोदून खोदून विचारत राहिले. शेवटी म्हणाले, “सोमवारपासून या. आणि रेकॉर्डसाठी बटाटे काढून एक फाइल साइटवर टाका.”

घरी जाऊन एकेक बटाटा वेचून काढला, टॅब मारले, फाइल टाकली. आईने त्या दिवशी अख्ख्या मजल्यावर शिरा वाटला.

सोमवारी गेले, खुर्चीत बसले, मेल उघडली. कंपनीच्या कॉम्प्युटरचं उत्तर आलं होतं: आपला अनुभव आमच्या गरजेशी जुळत नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा.

मानसीला दाखवलं. ती म्हणाली, “मनावर घेऊ नका हो, तो फक्त लिहिलेलं वाचतो.”

तेच तर ना. माझं नाव, माझं शिक्षण, माझी इतक्या वर्षांची कामं, सगळं होतं त्यात, तेही सरळ रेषेत. नव्हता तो फक्त बटाटा.