भागी आली होती

अगो, माझं पत्र असं लांब काय धरलंस? धर जवळ. अर्धं वाचायचं नि पुढं उडी मारायची ही तुझी खोड आज चालायची नाही. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, लेकींनाही नाही; नातीला, तुला, पहिल्यांदा सांगतेय.

मुरबाडकडं मी नवी सून होऊन आले ती दुसऱ्या महायुद्धाच्या जरा आधी. सासरी पडवीत एक मडकं आडवं टांगलेलं, त्यात सातेरी जातीच्या मधमाश्यांचं मोहळ. सासूबाईंचा त्यात फार जीव. पावसात माश्या उपाशी दिसल्या, म्हणून मी शहापूरहून, माहेरून आणलेला मधाच्या पोळ्याचा तुकडा गुपचूप मडक्यात ठेवला. सासूबाई खूश होतील — एवढंच होतं मनात. एवढंच? नाही गो. माहेरचं मोहळ नुकतंच मेलं होतं, त्यातलाच तो तुकडा. आणि हे मला ठाऊक होतं.

मग मडकं गप्प होत गेलं. उघडलं तर अळ्या माना वर करून मेलेल्या — पाळण्यातून पोरांनी डोकावावं तशा. काडीनं उचलावी तर पाण्याची इवलीशी पिशवी. वास नाही, मुंगी नाही. आता शिकलेले सांगतात, असा विषाणू असतो, डोळ्यांना न दिसणारा, माश्या अळ्यांना भरवतात त्यातूनच पसरतो. तेव्हा कोण सांगणार? शेजाऱ्यांच्या मडक्यांतही तेच झालं.

सासूबाईंनी विचारलं, “मडक्याला कोण शिवलं गो?”

मी म्हणाले, “भागी आली होती.”

बघ, यात एक अक्षर खोटं नाही. भागी शेजारची, एकटी बाई. आली होतीच ती — विस्तव मागायला. मी निखारा दिला, ती गेली. पण एवढं मी बोललेच नाही. कुठं थांबायचं ते मला बरोब्बर कळलं होतं. नाहीतर नव्या सुनेचा पायगुण निघाला असता ना?

“भुताळी हाय ती! नजर टाकलीन नि माशीची पोरं सुकवलीन,” गाव म्हणू लागलं. विहिरीवर बायका तिला बघून घागरी उचलायच्या. विस्तव तर कुणीच देईना.

एका सकाळी ती गाठोडं घेऊन आमच्या दारात उभी राहिली. “पोरी, मी इस्तवाला आली होती. तू सांग ना गो यांना. तुला ठावं हाय.”

घरात सगळी होती. मी चुलीत फुंकर घालत बसले. चूल तर चांगली पेटलेली होती — मग काय फुंकत होते मी?

उंबरमाळीच्या रानाकडं गेली म्हणतात. परत कुणी पाहिली नाही. पुढच्या वर्षी तिच्या रिकाम्या झोपडीच्या भिंतीत मोहळ आलं — धडधाकट. संध्याकाळी तिथून गुणगुण यायची, आत कुणी बाई हळू बोलतेय अशी. पाणी आणता आणता मी थांबायचे. शब्द लागतोय का बघायचे.

लहान होते, घाबरले होते — असलं काही मी म्हणणार नाही.

लवकर ये गो भेटायला. फक्त दारात उभी राहून हाक मारू नको. सरळ आत ये.