परबमावशी आणि मागची सीट

ओवी झाली तेव्हा बिल्डिंगमधला जो तो झबलं-टोपरं घेऊन बाळ बघायला आला. तळमजल्यावरच्या परबमावशी मात्र हात हलवत आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "बाळ नंतर बघू. आधी गाडीची चावी दे." मी बाळंतीण, झोपेचं खोबरं झालेलं, डोकं आधीच फिरलेलं. मनात म्हटलं, अगं बाई, ही काय नवीन भानगड?

मावशी सरकारी इस्पितळात नर्स होत्या. अपघात विभागात उभा जन्म काढला आणि निवृत्त होऊन भांडुपच्या आमच्या बिल्डिंगमध्ये एकट्या राहत होत्या. अंगाने काडी, गुडघे गेलेले. कुठेही आल्या की आधी बसायच्या, पाय पुढे सोडायच्या आणि म्हणायच्या, "दमलंय गो बाय." दिवसातून कितीदाही भेटा, सुरुवात तीच. त्यात रडगाणं नव्हतं, खरंच दमलेली बाई होती ती.

आमची गाडी आमच्या लग्नापेक्षाही जुनी. मंदारने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ती मावसभावाकडून घेतली आणि हौसेने तिला चॉकलेटी सीटकव्हरं शिवून घातली. मावशींनी मागचं दार उघडलं आणि सीटच्या फटीत कोपरापर्यंत हात घातला.

"बेल्टाची बकलं कुठायत रे?"

"कव्हरखाली गेली असतील. मागे कोण लावतं मावशी बेल्ट?" मंदार म्हणाला.

मावशींनी माझ्याकडून कात्री मागून घेतली आणि काय होतंय ते कळायच्या आत कव्हर टराटरा कापलं. आतून दोन्ही बकलं निघाली, सोबत शेंगांची टरफलं आणि कुणाची तरी केसांची पिन. मंदारचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अहो मावशी, नवीन होतं हो ते!" त्यावर मावशी म्हणाल्या, "पोरगी पण नवीनच आहे."

बाळाची सीट आम्हाला नणंदेकडून आली होती. आताच्या गाड्यांना ती अडकवायला हूक असतात. आमच्या म्हातारीला कुठले? सगळी भिस्त बेल्टावर. मावशींनी दोन्ही बाजूंचे बेल्ट झटका देऊन ओढून पाहिले. एक तिथल्या तिथे अडकला, दुसरा सुरसुर बाहेर येत राहिला. "हा मेलाय. गॅरेजमध्ये नेऊन बदल. तोवर सीट ह्या बाजूला. गाडी जुनी चालेल रे, बेल्ट जुना नाय चालायचा." मग सीट उलटी ठेवायला लावली, बाळाचं तोंड मागच्या काचेकडे. मंदार म्हणाला, "अशाने तिला बाहेरचं दिसणार कसं?"

"सिनेमाला नेतोयस काय तिला? तान्ह्याची मान असते केवढीशी! गुडघा घाल सीटवर. वजन टाक. आता बेल्ट ओढ." मग बेल्ट जातो तिथे सीट धरून त्यांनी गदगदा हलवली. "हलतंय. परत."

मंदार घामाघूम झाला. ओवीला आत ठेवलं तर तिने बिल्डिंग डोक्यावर घेतली. माझे टाके दुखत होते, मला रडू यायला लागलं. मी म्हटलं, "राहू दे ना मावशी. मी घेते मांडीवर." मावशींनी ओवीच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून पाहिला आणि वर न बघताच म्हणाल्या, "रडांदे गो. रडता म्हणजे जिती आसा मा?"

असं त्यांनी अख्ख्या बिल्डिंगला छळलं. मावशी पार्किंगमध्ये दिसल्या की लोक मोबाइल कानाला लावून सटकायचे. मलाही कधीकधी वैताग यायचा त्यांचा, खोटं कशाला बोलू? ऑफिस, पाळणाघर, स्वयंपाक करून पिट्टा पडलेला असताना खालून हाक यायची, "गो, तिची उंची वाढली, पट्टे वर घेतलेस काय?" त्यांना तरी कुठे मजा येत होती? एखाद्याने तोंडावर हसून दार लावलं की वॉचमनच्या खुर्चीत बसून गुडघे चोळायच्या. "कंटाळा आलाय गो मला ह्या लोकांचा," म्हणायच्या. आणि दुसरी गाडी आत आली की उठायच्या.

पण त्यांचं खरं दुखणं गोरेगावात होतं. मुलगा संदेश, सून प्रिया आणि नातू विहान तिथे राहायचे. गाडी आमच्यासारखीच जुनी. मावशींनी नातवासाठी सीट घेऊन दिली, संदेशने ती थोड्याच दिवसांत परत आणून टाकली. "आई, जागा अडते. आणि आम्ही काय मांडीवर मोठे नाय झालो?" तेव्हापासून ती सीट मावशींच्या हॉलमध्ये पडून होती, वर घड्या घातलेले कपडे. सगळ्यांच्या पोरांच्या मागे लागणारी बाई आणि सख्खा नातू पुढच्या सीटवर आईच्या मांडीत. भेटायला आलेले ते लोक परत निघाले की मावशी दारात यायच्या नाहीत. आत पंख्याखाली बसून राहायच्या.

संदेशकडे दीड दिवसाचा गणपती यायचा. मूर्ती मात्र आमच्या भांडुपच्या कारखान्यातूनच घ्यायची, वडील असल्यापासूनची पद्धत. त्या वर्षी मूर्ती घेऊन तो मावशींना न्यायला आमच्याकडे आला. मी खालीच होते. मागच्या सीटवर बाप्पा, तोंडावर रुमाल, दोन्ही बाजूंना उशा आणि पोटावरून बेल्ट लावलेला, अगदी नीट, ओढून बघितलेला. पुढे प्रियाच्या मांडीवर दीड वर्षांचा विहान डॅशबोर्ड बडवत होता.

मावशी नवी साडी नेसून बाहेर आल्या. गाडीत वाकून पाहिलं.

"देवाक पट्टो, आणि पोराक मांडी?"

"आई, आता सुरू नको करू ना यार! मूर्तीला धक्का लागला तर? वर्षभराची वाट लागेल."

"कळता तुका. धक्को लागता ह्या कळता."

मावशींनी बाप्पाचा बेल्ट सोडला, मूर्ती उचलून पोटाशी धरली आणि मला म्हणाल्या, "घरातली सीट आण. मी बाप्पाला घेऊन रिक्षाने येते." प्रियाचे डोळे भरले होते. संदेश लालबुंद. पण सणाच्या दिवशी, हातात देव घेतलेल्या आईपुढे बोलणार काय? त्याने धुसफुसत सीट बसवली. मावशी बाप्पाला सांभाळत सांगत होत्या, "गुडघा घाल. हलतंय. परत."

मी त्यांच्यासोबत रिक्षात बसले. लिंक रोडला ही ट्रॅफिक. दर खड्ड्याला त्या मूर्तीवर ओणव्या होत होत्या. मी चिडूनच विचारलं, "मावशी, कशाला हो एवढा जिवाला त्रास? कुणी ऐकत नाही, वर वाईटपणा घेता."

त्यांनी बाप्पाच्या तोंडावरचा रुमाल सारखा केला. मग म्हणाल्या, "इस्पितळात यायच्या ना गो आया. सगळ्या एकच सांगायच्या. 'सिस्टर, मी घट्ट धरलं होतं.' खोटं नाय बोलायच्या. घट्टच धरलेलं असायचं." रिक्षा गोरेगावात शिरेपर्यंत मीही मूर्तीला हात लावून बसले.

संदेश गेटवरच उभा होता, कडेवर विहान, रडून रडून लाल झालेला. "झालं समाधान? काय मिळालं तुला, आई?"

"काय नाय," मावशी म्हणाल्या. "दमलंय. बाप्पाक घे."

त्यानंतर ती सीट संदेशच्या गाडीतच राहिली. पटलं म्हणून नव्हे, आईशी भांडायचा कंटाळा आला म्हणून. मावशींनाही त्याचं काही वाटलं नाही. "कंटाळून लावू दे, नायतर शिव्या देत लावू दे. लावली म्हणजे झालं."

मागच्या हिवाळ्यात मावशी गेल्या. छातीत कफ झाला, दोन-तीन दिवस इस्पितळात होत्या, बस. बिल्डिंगमध्ये आता कुणी मला थांबवत नाही आणि मला त्याचाच त्रास होतो. घरच्या बाईसारखी आठवण येते त्यांची.

तेराव्याला संदेशने घर आवरलं. मी त्याला सोडायला पार्किंगमध्ये गेले. आता मोठ्या झालेल्या विहानला त्याने सीटवर बसवलं आणि खांद्यावरचे पट्टे ओढता ओढता माझ्याशी बोलत राहिला. "आयुष्यभर डोकं खाल्लं ना गं आईने. सणाला भांडणं, वाढदिवसाला भांडणं. आणि सांग, एवढ्या वर्षांत झालं काय? काहीच नाही झालं."

बोलता बोलता त्याचा हात थांबला. विहानच्या छातीवर हात तसाच ठेवून तो वाकून उभा राहिला.

"काहीच नाही झालं गं," तो पुन्हा म्हणाला, आणि गाडीच्या दाराला धरून लहान मुलासारखा रडायला लागला.