भरलेला डबा

आमच्या घरात माझ्यावर एक आरोप आहे. नात कंपनीच्या कामाने गावोगाव फिरते, आणि तिने दोनदा फोन उचलला नाही की मी तिच्या लॉजवाल्याला फोन करते. परवा तिच्या साहेबालाच लावला. नात चिडली, "आजी, मी फक्त रागावले होते." म्हटलं, रागाव, पण फोन उचलून रागाव.

हे शहाणपण मला उशिरा आलं. तेविसाव्या वर्षी मी फार हुशार होते. अमडापुरात माझ्याएवढी मानी बाई नव्हती, असं माझंच मत होतं.

आमचे हे जळगाव जामोदला जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. कापसाच्या हंगामात तिकडेच राहायचे, सोमवारी घरी यायचे. मोबाइल गावात कुणाकडे नव्हते. मी रोज सकाळच्या एसटीत ड्रायव्हरजवळ डबा द्यायची. तो तिकडे स्टँडवरच्या हॉटेलात ठेवायचा, हे तिथून न्यायचे. दुसऱ्या दिवशी डबा त्याच हॉटेलातून परत यायचा, पण रिकामा कधीच नाही. रिकामा डबा कुणी परत करत नाही आमच्यात. मूठभर फुटाणे, गुळाचा खडा, पोरासाठी दोन बोरं, असं काहीतरी त्यात असायचंच. ते पाहिलं की मला कळायचं, माणूस बरा आहे.

अशाच एका सोमवारी माझ्या माहेरी लग्न होतं. हे म्हणाले, "अंग मोडून आलं, तू जा पोराले घेऊन." मी म्हटलं, माझ्या माहेरचं नाव काढलं की बरं मोडते तुमचं अंग. लग्नाला गेलेच नाही. दिवसभर भांडी आपटली. मंगळवारी हे न बोलता बसमध्ये बसले.

बुधवारी डबा पाठवला. गुरुवारी तो जसाच्या तसा भरलेला परत आला. बेसन आंबलेलं, भाकरीला हात नाही. मला वाटलं, थाळी ढकलून द्यावी तसा हा डबा ढकलला आहे. अन्न गाईला घातलं. शुक्रवारीही तेच. स्टँडला लागूनच फोनचं बूथ होतं, जिनिंगच्या ऑफिसचा नंबर माझ्याकडे होता. दोन दिवस मी त्या बूथवरून मान वर करून गेले. फोन लावला असता तर मी हरले असते ना.

शनिवारी ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "वहिनी, तो माणूस डबा न्यायलेच येऊन नाही राह्यला." सांगते, लपवत नाही. तेविशीतल्या त्या शहाणीला पहिल्यांदा काय वाटलं? की अस्सं, एवढा राग? मग पाहा आमचाही. तिने भरून आणलेला डबा घरी परत नेला, त्यात नुसता हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वाळकी भाकर भरली आणि बस सुटायच्या आत आणून दिला.

रविवारी दुपारी जिनिंगचा एक हमाल घरी आला. हातात हॉटेलातून आणलेला तो ठेच्याचा डबा होता, तसाच भरलेला. म्हणाला, ह्यांना कावीळ झाली, चार दिवस खोलीत पडून होते, कुणीतरी मुळीचा रस पाजला, आता खामगावला दवाखान्यात नेलं आहे. पोराला सासूजवळ टाकून, तशीच डबा हातात धरून मी त्याच्याबरोबर निघाले.

दवाखान्यात पोचले तर ह्यांचे डोळे हळदीसारखे झाले होते. मला ओळखलं.

"डबा आणला काय?"

"आणला."

"काय हाय?"

मी म्हटलं, "शिरा."

"मंग ठेव. उठलो का खातो. पोराले सारा देजो नको."

मी खाली आले. ठेचा नालीत ओतला, डबा नळाखाली तीनदा घासला. मिरचीचा वास जाईना. समोरच्या हॉटेलात शिरा मिळाला, तो त्यात भरला आणि धावत वर गेले. हे उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहत होते, पण आता कुणालाच ओळखत नव्हते. मी झाकण काढून डबा त्यांच्या नाकाजवळ धरला. बराच वेळ धरला. शेवटी नर्स त्यांच्या तोंडावर चादर ओढायला आली, म्हणाली, "बाई, बाजूला व्हा."